पतंग सोडताना

ओहोटीच्या ओल्या वाळूवरून माझी मैत्रीण सुनंदा तीनचाकी गाडीत बसून वेगात येत होती. गाडी ओढत होता तिचा भलामोठा पतंग. तेवढ्यात शिंपले वेचत एक आजी पाठमोऱ्या वाटेत आल्या. मी हाक मारली, पण वाऱ्यात ती त्यांना ऐकू गेली नाही.

सुनंदाने पतंगाच्या दोऱ्या बांधलेला हातातला दांडा सोडला. पतंग लुळा होऊन खाली आला, गाडी आजींच्या बरीच अलीकडे थांबली.

आजी वळल्या. "अगो, पडला की तुझा पतंग."

"मीच पाडला, आजी," सुनंदा म्हणाली.

शिकताना पहिले चार दिवस तिला नुसतं सोडायलाच शिकवलं होतं. तेव्हा मी हसले होते. धरणं हातांना आपोआप येतं, सोडणं मात्र शिकवावं लागतं.

आजी टोपली ठेवून पतंगावरची वाळू झटकू लागल्या.