समोरच्या काचेवरची रेघ

हाताला यश आलं की माझं डोकं फिरतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या जुन्या गाडीच्या दाराच्या काचेवर बारीक ओरखडे पडले होते. रबरात अडकलेली वाळू काच खालीवर करताना घासत होती. मी बाजारातून पॉलिशची पांढरी पावडर आणली, ड्रिल मशीनला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती लावली आणि पाणी मारत तासभर घासत बसलो. ओरखडे गेले. शेजारी बघायला आले. "शोरूममधून आणल्यावानी दिसून राह्यली," एक जण म्हणाला. मग काय, मी हवेत.

पुढच्या रविवारी समोरची काच घेतली. वायपरनं कोरडी धूळ घासून ऐन ड्रायव्हरच्या नजरेसमोर एक रेघ पाडली होती. तिच्यात नख अडकत होतं. नख अडकेल अशी रेघ घासायला जाऊ नका, असं पावडर देणाऱ्या दुकानदारानं बजावलं होतं. मी कसला ऐकतो! एकाच जागी मशीन दाबून धरलं. रेघ गेली, पण तिथं काच खोलगट झाली. मला ते दिसलं नाही. खरं सांगायचं तर मी आत बसून बघितलंच नाही.

गाडी चालवते माझी बायको. झरी जामणीकडच्या एका उपकेंद्रात ती नर्स आहे आणि पांढरकवड्याहून रोज जाते-येते. पहिल्याच दिवशी घरी आल्यावर म्हणाली, "अहो, मले समोरचं हालल्यासारखं दिसून राह्यलं."

"साफ काचेची सवय नाही तुले," मी खेकसलो. "दिवसभर राबलो, तं त्याच्यातही खोट काढते!"

ती पुन्हा काही बोलली नाही. झाली असेल सवय, असं मी धरून चाललो.

तीन आठवड्यांनी आम्ही एका लग्नाला निघालो. त्या दिवशी मीच चालवायला बसलो. गावाबाहेर समोरून कापसाची बैलगाडी येत होती. एकाएकी बैलांचे पाय मधूनच वाकडे झाले आणि गाडी अंगावर आल्यासारखी वाटली. मी करकचून ब्रेक मारला. बैलगाडी अजून चांगली लांब होती.

बायकोनं मागच्या सीटवरून घडी केलेली चादर काढून माझ्यापुढे धरली. "हे खाली घ्या. थोडं उंच बसलं की काचेतल्या त्या खोलगट जागेच्या वरून साफ दिसते."

"कधीपासून बसून राह्यली हिच्यावर?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"परत सांगितलं असतं तं तुम्ही आठ दिवस बोलले नसते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "अन् मले ड्युटीवर तं रोजच जा लागते."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. जंगलातल्या त्या वळणांवर, समोरून ट्रक येत असताना, तीन आठवडे ती चादरीवर बसून मान ताणून गाडी चालवत होती. माझ्याशी बोलण्यापेक्षा तिला ते सोपं वाटलं होतं.