टाकी काठोकाठ

सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी मी शाळेतली नोकरी सोडली आणि गाडी चालवायला शिकले. आमचं घर मालगुंडजवळ, डायलिसिसचं सेंटर रत्नागिरीत, आणि आठवड्यातून तीन फेऱ्या. माझे यजमान तेलवाहू जहाजावर इंजिनियर. एकदा गेले की सहा-सहा महिने परतत नाहीत, आणि सासूबाईंना दुसरं मूल नाही. त्यामुळे त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडेच आलं. ते मी आनंदाने पत्करलं असं म्हणणार नाही. घाबरत घाबरत पत्करलं.

वळणांची भीती वाटायची, समोरून येणाऱ्या खडीच्या डंपरची वाटायची, पण सगळ्यात जास्त भीती गाडी मध्येच बंद पडण्याची. एक वेळ चुकली तरी सासूबाईंचे पाय सुजत, आडवं झालं की श्वास लागे. सुरुवातीलाच एकदा येताना पेट्रोलचा दिवा पेटला होता आणि पुढे घरापर्यंत कुठे पंप नव्हता. त्या दिवशी पोचलो नीट, पण स्टिअरिंग धरून धरून माझी बोटं आखडली होती. तेव्हापासून मी टाकी अर्ध्याखाली कधी जाऊ दिली नाही. पंपावर गेले की काठोकाठ भरून घ्यायची.

पेट्रोलचा वास पहिल्यांदा कधी आला ते नेमकं सांगता येत नाही. थंडी सरत आली होती. पंपावरून निघालं की थोडा वेळ यायचा आणि जायचा. वाटायचं, हाताला लागलं असेल, नाहीतर पुढच्या रिक्षाचा असेल. पीयूसीची मुदत संपली होती म्हणून एकदा वाटेत थांबले. तिथल्या माणसाने मागच्या नळीत त्याची सळई घातली, मशीनवरचे आकडे पाहिले आणि कागद हातात दिला. मी वासाचं बोलले.

"गाडी पास आहे, मॅडम," तो म्हणाला. "मागून धूर कसा येतो तेवढंच आमच्या मशीनला कळतं. वासाचं गॅरेजला दाखवा."

मी मात्र पास हा शब्द तेवढा ऐकला. कागद डॅशबोर्डात ठेवला आणि गॅरेज पुढे ढकललं. कारण गाडी गॅरेजला टाकायची म्हणजे दोन दिवस जाणार, आणि दोन दिवस सलग मोकळे माझ्याकडे नव्हते. एप्रिलमध्ये काट्यांशेजारी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, म्हणून मी त्याच्याकडेही बघेनाशी झाले. खरं सांगायचं तर बघायची, आणि नजर वळवायची.

त्या दिवशी डायलिसिस दुपारी दोनला संपलं. ऊन असं होतं की गाडीचं दार धरवत नव्हतं. सासूबाईंना मागच्या सीटवर उशीला टेकवून बसवलं, रत्नागिरीतच टाकी भरून घेतली आणि किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले. डायलिसिसनंतर त्या गळून जात, बोलत नसत. काचा बंद होत्या, एसी चालू होता.

आरे-वारेची चढण लागली आणि गाडी आचके देऊ लागली. मी गिअर खाली घेतला. इंजिन गुरगुरलं, पण ओढ नव्हती. आणि मग वास आला, रोजच्यासारखा पुसट नव्हे तर डोळ्यांत पाणी आणणारा, घशात बसणारा. मी एसी बंद केला, सगळ्या काचा खाली घेतल्या. आरशात पाहिलं. सासूबाईंचे डोळे मिटलेले, मान एका बाजूला कलंडलेली. क्षणभर त्या श्वास घेतायत की नाही तेच कळेना.

"आई," मी हाक मारली. "आई, ऐकताय ना?"

"हं," एवढंच आलं.

थांबावं तर मागून गाड्या येत होत्या, न थांबावं तर काय होईल ते मनात आणवत नव्हतं. चढण कशीबशी संपली. वर सड्यावर, कातळाच्या माळावर, रस्त्याकडेला जागा दिसली, तिथे गाडी घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. इंजिन बंद झाल्यावर खालून टिक् टिक् असा तापलेल्या पत्र्याचा आवाज येत राहिला. मी सासूबाईंना अक्षरशः काखेत धरून बाहेर काढलं, वीसेक पावलांवर कातळावर छत्री उघडून बसवलं. त्यांनी एकदाही विचारलं नाही की काय झालं.

पाठी वळून पाहिलं तर एक पर्यटक त्याची गाडी पलीकडे लावून आमच्याकडे चालत येत होता. मदतीलाच येत होता बिचारा, आणि त्याच्या बोटांत पेटलेली सिगारेट होती.

"सिगारेट विझवा," मी म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही. मी दोन्ही हात वर करून पुन्हा म्हणाले, "तिथेच थांबा. आधी ती विझवा."

तो थबकला. सिगारेट खाली टाकणार होता. पण पायाखाली सुकलेलं गवत होतं, आणि ते त्याला माझ्या आधी दिसलं. त्याने ती स्वतःच्या बुटाच्या टाचेवर घासून विझवली आणि थोटूक खिशात घातलं. मग वाकून आमच्या गाडीखाली पाहिलं. त्याचा चेहरा बदलला.

"ताई, गाडीखालून धूर येतोय."

मीही वाकले. मी गाडी लावली होती ती गुडघाभर सुक्या गवतावर. मधोमध, पुढच्या चाकांच्या जरा मागे, गवताच्या शेंड्यांतून करड्या धुराची बारीक रेघ उठत होती. ज्वाळा नव्हती. पण वारा समुद्राकडून येत होता आणि गाडीत पेट्रोल काठोकाठ होतं.

पळावं असं मला वाटलं नाही, हे मी धीट म्हणून सांगत नाही. नजर त्या धुरावरून हटत नव्हती, म्हणून. तोच माणूस बोलला, "न्यूट्रल करा. उतार पुढे आहे. ढकलू." मी दार उघडून, आत वाकून गिअर काढला, हँडब्रेक सोडला आणि एका हाताने स्टिअरिंग धरून दाराच्या चौकटीला खांदा लावला. तो मागून ढकलत होता. गाडी आधी हललीच नाही. मग हलली, आणि उघड्या कातळावर गेल्यावर थांबवायला मला आत उडी घ्यावी लागली. त्या दोन क्षणांत मी त्या गाडीत एकटी होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. आजही आठवतं ते तेवढंच, ती शांतता.

आम्ही दोघांनी पाण्याच्या सगळ्या बाटल्या त्या गवतावर ओतल्या, वर माती लोटली. ताटाएवढा काळा डाग राहिला होता. त्या भल्या माणसाने आम्हाला त्याच्या गाडीतून घरी सोडलं. मी त्याला चहा घ्या म्हणाले, तर म्हणाला, "नको ताई, आधी बायकोला फोन करतो."

यजमानांशी बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, जहाजाला रेंज मिळाली तेव्हा. मी सगळं सांगितलं.

"ढकललीस कशाला?" ते म्हणाले. "आईला घेऊन लांब पळायचं होतंस. जळू द्यायची होती."

"आई वीस पावलांवर होत्या. वारा तिकडेच होता."

ते म्हणाले, "पेट्रोलपेक्षा त्याची वाफ वाईट. दिसत नाही. आमच्याकडे टाकीत उतरायच्या आधी तासन् तास तपासतात." वीस वर्षं संसार केला, वादळाच्या गोष्टी त्यांनी मला हसत सांगितल्यात. त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता, आणि मला आदल्या दिवसापेक्षा जास्त भीती त्या आवाजाने घातली.

गॅरेजवाले चाचा स्वतः सड्यावर जाऊन, टो करून गाडी घेऊन आले. साठीचे असतील. मी रिक्षाने गॅरेजवर गेले, कारण मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांनी डॅशबोर्डाखाली स्कॅनर जोडला, तो काय म्हणतो ते वाचलं आणि काही न बोलता गाडी लिफ्टवर चढवली. आधी सायलेन्सरच्या वाटेवरचा एक फुगीर डबा दाखवला. इंजिनाचा विषारी धूर त्यात जळून साफ होतो, म्हणून तो तापतोच. पण त्याच्यावरचा पत्रा निळा-जांभळा पडला होता आणि पत्र्याच्या फटीत गवताच्या काड्या अडकल्या होत्या. कोळसा झालेल्या.

"ह्या कालच्या नाहीत, बाय," चाचा म्हणाले. "ह्या जुन्या आहेत."

आमच्या अंगणापुढेही तसंच गवत होतं. दर फेरीनंतर मी गाडी त्यावर लावत होते, आणि सासूबाईंच्या खोलीची खिडकी तिथेच उघडते.

मग त्यांनी टाकीजवळचा एक काळा प्लास्टिकचा डबा सोडवला. "टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती बाहेर जाऊ नये म्हणून ह्याच्यात कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. मग गाडी चालली की इंजिन ती ओढून घेतं. ह्यात फक्त वाफ यायला हवी. आता बघा." त्यांनी डबा तिरका केला. पेट्रोलची धार खालच्या ट्रेमध्ये पडली. डब्याची एक रबरी नळी चिरली होती, आणि वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप उघडीच अडकली होती. नको तेवढं पेट्रोल इंजिनात जात होतं, अर्धवट जळत होतं आणि राहिलेलं त्या फुगीर डब्यात पेटत होतं. उरलेली वाफ चिरलेल्या नळीतून आमच्या नाकात.

"पण त्या काळ्या डब्यात पेट्रोल गेलं कसं?" मी विचारलं.

चाचांनी हात पुसले. "पंपावर नळी आपोआप बंद होते, त्याच्यानंतर अजून भरून घेता का?"

मी मान डोलावली. पंपावरचा मुलगा दोन-तीनदा म्हणाला होता, मॅडम, कट झालं. मीच म्हणायची, अजून थोडं घाला, मावतंय. सासूबाई वाटेत अडकू नयेत म्हणून. इतके महिने मी भीतीपोटी जे करत होते, त्यानेच हे केलं होतं. चाचांना ते कळलं असावं. ते म्हणाले, "बरेच जण करतात," आणि पुन्हा कामाला लागले.

नवा काळा डबा कोल्हापूरहून यायला तीन दिवस लागले. त्या दिवसांतली एक फेरी आम्ही रिक्षाने केली. परतताना सासूबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, माझी चूकही.

"वास मला येत होता गो," त्या म्हणाल्या. "शिमग्याच्या आधीपासनं."

"मग बोलला का नाहीत?"

"गाडी बंद झाली असती. मग तुम्ही मला रत्नागिरीत कुणाकडे ठेवलं असतंत, नाहीतर तिथल्या त्या म्हाताऱ्यांची सोय असलेल्या घरात. मला तिथे मरायचं नव्हतं." मग म्हणाल्या, "त्या दिवशी चढणीवर डोळे मिटून मी देवाचं नाव घेत होते. तुला दिसू नये म्हणून."

रिक्षाच्या आवाजात मी फक्त त्यांचा हात धरून बसले. तो हात किती हलका झाला होता ते मला तोवर माहीत नव्हतं.

गाडी आली. आता पंपावर कट झालं की मी झाकण लावून घेते. अंगणापुढचं गवत काढून टाकलं. डायलिसिस चालू आहे. सासूबाई आता पुढे माझ्या शेजारी बसतात आणि दर चढणीला आम्ही दोघी, एकमेकींकडे न बघता, नाकाने खोल श्वास घेतो.

यजमान पावसाच्या तोंडावर घरी आले. ओटीवर बॅग ठेवली, आईला हाक मारली, आणि पाणी घ्यायच्या आधी, अंगावरच्या प्रवासातल्या कपड्यांनिशी, टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. सासूबाई दारात तांब्या-भांडं घेऊन उभ्या होत्या. मी पायरीवर. खाली टॉर्चचा उजेड इकडून तिकडे फिरताना दिसत होता. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, पाठीला माती लागलेली.

"बघितलंस ना सगळं?" सासूबाईंनी विचारलं.

"बघितलं," ते म्हणाले. "उद्या उजेडात परत एकदा बघतो."