दुरुस्तीसाठी नेले आहे

आम्ही तिला फडकेबाई म्हणायचो. आडनाव नव्हे, हातातलं फडकं कधी सुटायचं नाही म्हणून. चित्रसंग्रहालयात एकोणीस वर्षं तिनं फरश्या पुसल्या आणि मी तिकिटं फाडली. वरच्या दालनात खिडकीशेजारी शिवण उसवत बसलेल्या बाईचं चित्र होतं. ती बाई म्हणजे हिची आई. चित्रकारांसमोर तासन्‌तास न हलता बसणं, हेच आईचं काम. फडकेबाई सहा वर्षांची असताना ती गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. चेहरा उरला तो त्या भिंतीवर, आणि त्यासाठीच हिनं इथली नोकरी धरली.

चित्र डागडुजीला गेलं की रिकाम्या जागी चिठ्ठी लावायची, ही आमची पद्धत. एका सोमवारी तिथे चिठ्ठी दिसली : ‘दुरुस्तीसाठी नेले आहे.’ फडकेबाई खूश! “आई उजळून येणार,” म्हणत ती रोज रिकामी भिंत पुसायची. मी म्हणालो, “पार्लरला गेलीय म्हण की!” दोघंही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

नवव्या दिवशी दुरुस्तीवाला दुसऱ्याच कामासाठी आला. तिनं त्याला जिन्यातच गाठलं. “आमचं चित्र कधी देताय?”

“कुठलं चित्र?”

चिठ्ठी चोरानं लावली होती.

साहेबांनी सगळं खापर तिच्यावर फोडलं. तीच चिठ्ठी आम्हीही रोज वाचत होतो, पण चोर सोडून संन्याशाला फाशी! तिला त्याचं काहीच नव्हतं. नोंदवहीत चित्राची मापं होती, फोटो नव्हता, हे कळल्यावर ती तपास अधिकाऱ्याच्या पायाच पडायला गेली.

“शोधा हो. आत्ताच नीट आठवेनासं झालंय. हनुवटी आठवली की डोळे जातात.”

अधिकारी वैतागला होता. “नऊ दिवस, बाई! एव्हाना ते कुठल्या कुठे गेलं असेल. पहिल्याच दिवशी का नाही विचारलंत कुणाला?”

ती म्हणाली, “लहानपणी मावशीनं सांगितलं होतं, आई दवाखान्यात आहे, बरी होऊन येईल. मी रोज दाराशी बसायचे, पण विचारायचे नाही. विचारलं की खरं सांगतात हो, साहेब.”