झेंडूच्या हाराला भ्यालेली नवी गाडी आणि तात्यांची पद्मिनी

नवी गाडी आधी मोहट्याच्या देवीला दाखवायची, हा आमच्या घरचा नियम. शोरूममधली पूजा आम्ही धरत नाही. तात्या, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मंग पद्मिनी बी येनार." त्यांच्या या जुन्यापुराण्या गाडीला मी पुण्याचं एक हौशी गिऱ्हाईक आणलं होतं. शेवटी ठरलं, वाटेत थांबली तर विकायची, नाहीतर विषय बंद. ती थांबणारच या खात्रीने मी डिकीत दोरखंड टाकला.

नगरहून सकाळी लवकर निघालो आणि करंजीत भेळ खाल्ली. पुढे मी आणि बायको शीतल, आमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या गारव्यात. मागे तात्या एकटे, उघडी खिडकी हाच त्यांचा एसी. गड चढल्यावर त्यांनी बोनेट उघडलं.

"तापली ना?" मी आशेने विचारलं.

"पानी लागतं तिला. तुला न्हाई लागत व्हय?"

पुजाऱ्याने चाकाखाली लिंबं ठेवली आणि नव्या गाडीला झेंडूचा जाडजूड हार घातला. देवीचा हार घरी पोचेपर्यंत काढायचा नाही, असं तात्यांनी बजावलं. तो लोंबत होता नेमका सेन्सरपुढे. आमच्या अतिहुशार गाडीला झेंडू म्हणजे समोरून येणारा ट्रक वाटू लागला. परतीला करंजी घाटात ती दर वळणावर किंचाळून करकचून थांबायची. ते बंद करायचं बटण मेनूच्या कुठल्या तरी तळघरात होतं. मागे तात्यांचं चालूच, क्लच, ब्रेक, पुन्हा क्लच.

एका वळणावर आरशात पद्मिनी कडेला उभी दिसली. मी जिंकलो म्हणून पळत गेलो. इंजिन चालू होतं. तात्या गुडघा धरून बसले होते.

"गाडी थांबली म्हनू नको. मी थांबलो," ते म्हणाले. मग किल्लीकडे बोट केलं. "इकून टाक आता. चालवनारा ऱ्हायला न्हाई."

शीतलने कुणालाही न विचारता हार सोडला, पद्मिनीला बांधला आणि नवी गाडी घेऊन निघून गेली. मी पद्मिनीचं स्टिअरिंग धरलं. नगर येईपर्यंत खांदे भरून आले होते.

घरी पोचताच पुण्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. आता रविवारी पद्मिनी मी चालवतो. तात्या शेजारी बसतात आणि माझ्या प्रत्येक चुकलेल्या गिअरला मोठ्याने "आई गं" म्हणतात. हा आवाज बंद करायचं बटण कुठल्याच मेनूत नाही, आणि असतं तरी मी ते दाबलं नसतं.