रब्बींचा शनिवार

आमच्या शशिकांतला कोणी काहीही सांगितलं की तो विचारतो, "कशावरून?" न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळ 'ते रापा' नावाच्या ठिकाणी दूध पावडरचा कारखाना आहे, तिथे तो क्वालिटीचं काम बघतो. तिथे जे कागदावर नाही ते घडलंच नाही. कारखान्यात ठीक आहे हो, पण घरी मी आमटीत मीठ घातलंय म्हटलं तरी हा माणूस चव घेऊन बघतो.

असा माणूस आयुष्यात एकदा खोटं बोलला, तेही छापील. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

तेव्हा आम्ही ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये राहायचो. रविवारच्या बाजारात शशिकांत नारळ कानाशी धरून हलवत होता, तर शेजारून पांढऱ्या दाढीचे एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले, "त्यात पाणी कमी आहे. तो पलीकडचा घ्या." चक्क कुलाब्याकडच्या मराठीत. ते रब्बी एलिजा आष्टमकर, मूळचे रोह्याजवळचे बेने इस्रायली, इथल्या एका लहानशा ज्यू मंडळीचे धर्मगुरू. त्यांना नारळ हवा होता मलिद्यासाठी. गोड पोहे, वर खोबरं आणि प्रार्थना. पुढच्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी पोहे खात होतो आणि त्यांची बायको, सिपोरामावशी, माझे पोहे कसे फडफडीत होतात ते मला ऐकवत होत्या.

कोकणात यांच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणायचे. शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणजे बंद. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, कामाला हात न लावण्याचा दिवस. रब्बींचंही तसंच होतं. शनिवारी फोन नाही, गाडी नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचे नाहीत.

२०१२च्या जुलैत एका शनिवारी माझ्या वॉर्डात रेवदंड्याकडचा एक म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता. नाव सांगणार नाही, मी नर्स आहे. जन्म जहाजावर स्वयंपाक करण्यात गेलेला, जवळचं कोणी नाही. इंग्रजी पार विसरला होता. "आपल्यातलं कोणी बोलवा, शेमा म्हणायला," एवढंच मराठीत म्हणत होता. शेमा ही त्यांची अखेरच्या क्षणी म्हणायची प्रार्थना. रब्बी फोन उचलणार नाहीत, म्हणून मी शशिकांतला त्यांच्या घरी पिटाळलं. पाऊस कोसळत होता आणि हॉस्पिटल चौदा किलोमीटरवर. निरोप ऐकून रब्बी मिनिटभर दारात उभे राहिले. मग गॅरेजसमोरच्या छपराखाली लावलेल्या आमच्या गाडीपाशी जाऊन थांबले. दाराला हात लावेनात. शशिकांतने दार उघडलं, त्यांना बसवलं, सीटबेल्टही त्यानेच लावला.

दीड तास रब्बींनी म्हाताऱ्याचा हात सोडला नाही. तो गेला. शशिकांतने गाडी पुढे आणली, तर रब्बी म्हणाले, "आता कोणासाठी बसू?" आणि भर पावसात चौदा किलोमीटर चालत घरी गेले.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात शशिकांतने रब्बींवर लेख लिहिला. त्यात रब्बी हॉस्पिटलला जातानाच चालत गेले. टोपीतून पाणी ठिबकत होतं, असंही खुलवून लिहिलं. शनिवारी गाडीत बसले हे छापलं तर त्यांच्या मंडळीत बोभाटा होईल, म्हणून याने फक्त दिशा बदलली. मी म्हटलं, जाऊ दे, दिवाळी अंक वाचतो कोण? जाहिरात देणारे, तेही स्वतःचं पान.

दोन वर्षांपूर्वी रब्बी गेले. आम्ही तोवर हॅमिल्टनला, रोटोटुनात आलो होतो. मावशींची नातवंडं मेलबर्नला. आजोबांचं नाव शोधलं तर कुठे धड काही सापडत नाही, ही त्यांची खंत. म्हणून यंदा मार्चमध्ये शशिकांतने इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, ज्यात कोणीही लिहू शकतं त्यात, रब्बींचं पान सुरू केलं. तिथला नियम असा की प्रत्येक वाक्याला छापील आधार हवा, आणि लिहिणाऱ्याने तटस्थ राहायचं. शशिकांतला तर माहेरी आल्यासारखं झालं. 'प्रेमळ' लिहिलं, खोडलं. 'शांत स्वभावाचे' लिहिलं, खोडलं. शेवटी जन्म, शिक्षण, नेमणूक आणि मृत्यू एवढंच उरलं. मी म्हटलं, "हे फ्रिजचं वॉरंटी कार्ड वाटतंय." तो म्हणाला, "विश्वासार्ह वाटतंय ना?"

मग कुणा अनोळखी संपादकाने त्या पानात एक वाक्य घातलं. एका शनिवारी मरणासन्न माणसासाठी रब्बी पावसात चौदा किलोमीटर चालत हॉस्पिटलला गेले. आधार म्हणून एका वर्तमानपत्रातला मृत्युलेख. शशिकांतने तो मृत्युलेख उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. टोपीतून ठिबकणारं पाणी तिथेही होतं.

दुसऱ्या दिवशी पानावर सूचना आली. स्वतंत्र आधार अपुरे आहेत, सात दिवसांत पान काढून टाकण्यात येईल. मृत्युलेख तेवढा जमेस धरता येईल, पण तो खरंच स्वतंत्र आहे का? थोडक्यात, कशावरून?

त्या आठवड्यात या माणसाने घरात कोणाला स्वस्थ बसू दिलं नाही. लॉन दोनदा कापलं. धुतलेली गाडी पुन्हा धुतली. जेवताना उठून लॅपटॉप बघून यायचा. कारखान्यात एक तपासणी याने तीनदा केली म्हणे. आमची श्रिया म्हणाली, "बाबा, इट्स वन सेन्टन्स. नोबडी केअर्स." मी त्याच्यावर ओरडलेच, "गप्प बस ना! पान राहील, मावशींना बरं वाटेल, कुणाचं काय जातंय?" तो म्हणाला, "निवेदिता, तो मृत्युलेख म्हणजे मीच आहे गं. मीच लिहायचं आणि मीच साक्ष द्यायची?" आणि पुन्हा बाहेर जाऊन रिकामी पत्रपेटी बघून आला. माझा जीव नुसता कातावला होता.

पाचव्या दिवशी आम्ही ऑकलंडला मावशींकडे गेलो. शशिकांतने चहाला हात न लावता सगळं सांगून टाकलं. पान बहुतेक जाईल, हेही सांगितलं. मावशी पदराशी चाळा करत बसल्या.

"पेपरवाल्याला तुझा अंक मीच दिला होता," त्या म्हणाल्या. "बाजूला बसून मीच इंग्रजीत सांगितलं त्याला. तू त्यांना झाकलंस, मी पण झाकलं. पण आता प्रार्थनेला गेले की लोक म्हणतात, एलिजा केवढे चालले! मला राग येतो रे. आष्टमीहून रोह्याला रोज चालत शाळेत जाणारा माणूस तो. चालणं त्यांना कधी जड होतं? जड गेलं ते बसणं. परत आले आणि जेवले नाहीत. म्हणाले, सिपोरा, बरोबर केलं मी, पण ते हलकं नव्हतं."

शशिकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

"लिहायचं तर ते लिही," मावशी म्हणाल्या. "मंडळीचं मी बघते."

"तिथे नाही लिहिता येणार, मावशी. मी पाहिलंय म्हणून चालत नाही. छापलेलं लागतं."

"म्हणजे खोटं छापलं होतं ते चाललं?"

याने गार झालेला चहा एका घोटात संपवला.

परतीच्या वाटेवर त्याने गाडी मला चालवायला दिली आणि शेजारी बसून फोनवरून चर्चेच्या पानावर लिहिलं. हा मृत्युलेख माझ्याच जुन्या लेखावर बेतलेला आहे, तो लेख मी जाणूनबुजून चुकीचा लिहिला होता, तो आधार धरू नये. खाली पूर्ण नाव. दोन दिवसांनी पान गेलं. मावशींच्या नातवंडांना आता पुन्हा धड काही सापडत नाही. शशिकांत मात्र अजूनही जेवताना उठतो, नसलेलं पान बघून येतो.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात हे मी लिहिते आहे, मावशींच्या संमतीने. मी तटस्थ नाही. रब्बींवर माझा जीव होता आणि या हट्टी माणसाशी मी लग्न केलंय. पण त्या शनिवारी हॉस्पिटलच्या दारात मी उभी होते. रब्बी चालत आले नाहीत. ते गाडीतून उतरले. टोपी कोरडी होती आणि शशिकांत दार उघडेपर्यंत ते आत बसून होते.