तीन थाऊची फट

मल्लूअण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजला निघाले होते. आमच्या घराखालीच त्यांचं गॅरेज. शटर खाली, बाहेर माणसं उभी... महिना झाला, तरी माझ्या कानात त्यांची मोटरसायकल गरजतेच आहे.

मी दहावीत होते. होटगी रस्त्यावर पाव मैलाची शर्यत ठरली होती. आदल्या वर्षी अण्णांचं इंजिन निम्म्यातच जाम झालं होतं. यंदा हरलो तर पान्याला हात लावणार नाही, असं ते चारचौघांत बोलून बसले होते. टेबलावर दोन कॅमशाफ्ट होते. व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे, ते या दांड्यावरचे उंचवटे ठरवतात. एक परदेशी, वरच्या वेगाला पळणारा. दुसरा अण्णांनी स्वतः घासलेला. सगळे परदेशीच घाला म्हणत होते. "त्यो जागा हुईस्तवर पाव मैल संपतंय की," म्हणत अण्णांनी आपलाच उचलला.

बेअरिंगचं माप मात्र इंग्रजी पुस्तिकेत होतं, आणि वाचायला इंग्रजी शाळेतली मी. एका ओळीत टी-एच-ओ-यू असा शब्द आला. तो मला फक्त शाळेच्या प्रार्थनेतला ठाऊक, देवाला 'तू' म्हणायचा. इंजिनात देव कुठून आला? विचारायची लाज वाटली. मी ती ओळच गाळली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा क्रँकचा बुश, म्हणजे तेच बेअरिंग, बसवायला लागले तेव्हा मला राहवेना. एक ओळ वाचलीच नाही, असं कसंबसं सांगितलं.

"जशी हाय तशी वाच."

"शर्यतीसाठी फट तीन... दाऊ."

"थाऊ की, अक्का. इंचाचा हजारावा भाग."

क्रँक आणि बुशातली फट ते नेहमीप्रमाणे दोनच थाऊ ठेवत होते. तापल्यावर बुश क्रँकला घट्ट धरायचा. मागच्या वर्षीचं कोडं तिथंच सुटलं. रागावतील म्हणून मी मान खाली घातली, तर म्हणाले, "अर्थ मी लावतो. तू शब्द सोडू नको."

झेंडा पडला आणि गाडी अशी उठली, की हजेरीलाही हळू बोलणारी मी ओरडत धावत सुटले. शेवटच्या खांबाशी अण्णा हातभर पुढे होते!

या उन्हाळ्यात अण्णांचा दवाखान्याचा रिपोर्ट इंग्रजीत आला. त्यांच्या घरचे मागून नको नको म्हणून मला खुणावत होते. अण्णांनी तो माझ्याच हातात दिला. मी सगळा वाचला... त्यांनी विचारलं, म्हणजे किती रविवार उरले? मग ते उठून बसले, कामाला लागले. सात रविवार मिळाले. ज्याला जे शिकवायचं होतं ते शिकवून झालं. मला त्यांनी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी कॅमशाफ्ट ओळखायला शिकवलं.

काल मी गॅरेजात गेले. फळीवर चार कॅमशाफ्ट होते. डोळे मिटले. चारही बरोबर आले.