कान धरून दिलेली शिवी

आबा माणसाचा आधी कान धरायचे आणि मग शिवी द्यायचे. कानाची पाळी चिमटीत धरून जराशी हलवायची, दुखेल इतकी नाही, आणि म्हणायचं, "काय रे भाडखाऊ, जेवना का?" हा त्यांचा नमस्कार. ही शिवी मी इथे लिहिली, कारण त्यांच्याकडच्या शिव्यांत ती सगळ्यांत सोवळी होती. बाकीच्या ऐकायच्या तर तुम्हाला चोपड्याला केळीचा ट्रक भरताना यावं लागलं असतं.

मी वजनकाट्यावर बसतो आणि आबा केळी भरणाऱ्या टोळीचे मुकादम, एवढीच आमची ओळख. व्यापाऱ्यांशी ते इतकं गोड बोलायचे की नवख्याला वाटावं, हा माणूस देवळात पूजा करत असेल. 'हो शेठ', 'जी शेठ', यापलीकडे शब्द नाही. शिव्या फक्त आपल्या माणसांना. टोळीत नवा आलेला गडी महिनोन् महिने नुसता 'भाऊ' असायचा आणि ज्या दिवशी त्याला पहिली शिवी बसायची त्या दिवशी तो सगळ्यांना चहा पाजायचा.

मला पहिली शिवी माझी आई गेली तेव्हा मिळाली. लोक येऊन आत्मा कसा अमर असतो ते सांगून जात होते. आबा आले, माझ्याशेजारी बसले आणि उठताना कान धरून एक सणसणीत हासडली. तोवर मी रडलो नव्हतो.

त्यांची एकुलती एक मुलगी धुळ्याला दिलेली होती. बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली आणि आठवड्याभरात बाळंतीण तापाने गेली. जावयाने दिवसकार्य केलं आणि तान्हं पोर आजोळीच ठेवून तो परत गेला. आबांची बायको आधीच गेलेली, म्हणजे घरात बाईमाणूस नाही. मग ही नात, चिमी, टोळीतच वाढली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली साडीची झोळी बांधायची आणि जी बाई मोकळी असेल तिने झोका द्यायचा. ट्रक भरताना माणसं घड हातोहात वर देतात, आणि प्रत्येक घडाबरोबर एक शिवीही वर जाते. चिमीने अंगाई म्हणून तेच ऐकलं.

ती अडीच वर्षांची असेल. एक दिवस माझ्या खुर्चीवर चढली, दोन बोटांनी माझा कान धरला आणि बोबड्या आवाजात असा काही शब्द काढला की काट्यावर उभ्या ट्रकमधला ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला. आम्ही हसलो. तुम्हीही हसला असतात. आबा तर डोळे पुसत होते. तिचंही आजोबांसारखंच होतं, आवडत्या माणसालाच शिवी. शेठ आले की ट्रॉलीखाली जाऊन गप्प बसायची.

मग धुळ्याहून निरोप आला. जावयाने दुसरं लग्न केलं होतं, आणि आता विहीणबाई नातीला बघायला येणार होत्या. पोरीला वळण चांगलं असेल तर शाळेत जाईपर्यंत राहू द्या आजोबांकडे, नाहीतर आम्ही घेऊन जाऊ, असं त्यांनी कळवलं होतं. आबा तो निरोप सांगायला माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी माझा कान धरला नाही. तेव्हाच मला कळलं, हे प्रकरण साधं नाही.

"भाऊ, तू शिकेल माणूस शे. पोरनी शिवी कशी सोडावानी?"

मी मोबाइलवर वाचून सांगितलं, लक्ष देऊ नका, हसू नका, तिच्यासमोर तुम्ही स्वतः बोलू नका. आबांनी यातलं शेवटचंच मनावर घेतलं. गावाबाहेरच्या देवीपुढे नारळ फोडून त्यांनी शिवी सोडली. लोक वांगं सोडतात, गोड सोडतात, तशी यांनी शिवी सोडली. नात माझ्याजवळ राहू दे, पुन्हा तोंडातून एक वाईट शब्द काढणार नाही, असा नवस. टोळीलाही बजावलं, "आजपाईन बठ्ठासनी तोंड सांभाळानं."

टोळीने तोंड सांभाळलं म्हणजे काय, तर भाज्यांवर आली. शिवीशिवाय घड वर जाईना, म्हणून 'ए गिलक्या', 'अरे दोडक्या' असं सुरू झालं. इंदूरचा एक ड्रायव्हर मला विचारायला आला, गाडीत केळी भरताहेत की भाजीपाला? चिमी मात्र एकही भाजी शिकली नाही.

आबांचं त्याहून वाईट झालं. त्यांना बोलताच येईना. चिमी मांडीवर येऊन बसायची, ते तिच्या कानाकडे हात न्यायचे आणि मध्येच थांबायचे. "आते काय बोलू हिन्हासंगे? तोंडमा शब्दच नही," असं मला म्हणायचे. 'बाळा', 'सोनू' वगैरे त्यांनी करून पाहिलं, पण ते त्यांच्या तोंडी उसनं वाटायचं. चिमीला वाटलं, आबा रागावलेत. ती त्यांचा कान धरून एकेक शिवी द्यायची, साधी देऊन पाहायची, मग मोठी, आणि आबा खाली बघत राहायचे. शेवटी रडायला लागायची. "आबा, तू रागे भरना?" असं विचारायची. ते पाहायला लागू नये म्हणून मी काट्याच्या खोलीत जाऊन बसायचो.

विहीणबाई आल्या त्या दिवशी आबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. शिकेल माणूस शेजारी असलेला बरा, असा हिशेब. अंगणात खाट टाकली होती, चिमीला तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. विहीणबाई आणि जावई खाटेवर बसले. माणसं वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. बाईने नातीसाठी लाल फ्रॉक आणला होता आणि मेलेल्या सुनेच्या फोटोला हार घालताना तिचे डोळे भरले होते.

चिमी अनोळखी माणसं पाहून आबांच्या पाठीमागे जी लपली, ती शब्द काढीना. चहा झाला, जेवण झालं, तरी गप्प. "पोरगी गुनी शे," विहीणबाई म्हणाल्या. जावई म्हणाला, राहू दे मग इथे, शाळेच्या वेळी बघू. आबांनी माझ्याकडे पाहिलं. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर पुन्हा कधी पाहिला नाही.

निघताना विहीणबाईंनी चिमीला मांडीवर घेतलं, पेढा भरवला, आणि तिच्या केसांवरून हात फिरवत काहीतरी गुणगुणायला लागल्या. बाईच्या मांडीवर निवांत बसायची पोरीला सवय नव्हती. ती आधी अवघडली, मग सैल झाली, मग आजीच्या छातीशी डोकं टेकून हसली. मला पुढचं दिसत होतं, आबांनाही दिसत होतं, पण अशा वेळी करणार काय? चिमीने हात वर केला, झुमक्यासकट आजीचा कान धरला आणि तिला येत होती ती सगळ्यांत मोठी शिवी अतिशय प्रेमाने दिली.

विहीणबाईंनी तिला मांडीवरून खाली ठेवलं.

"ते लाडमा म्हनं तिनी," आबा हात जोडून म्हणाले. "तुम्हना लळा लागना तिले."

"लाडमा असं, तर रागमा काय म्हनी?" विहीणबाई म्हणाल्या.  मी शिकलेला माणूस, मी खाटेवरचा पेढ्यांचा पुडा बांधायला लागलो. 

त्याच संध्याकाळच्या एसटीने ते चिमीला घेऊन गेले. जाताना जावयाने सासऱ्याच्या पाया पडून सांगितलं, "आखाजीले धाडसुत." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तशी ही आईच्या माहेरी येईल. आबांनी त्या आखाजीला कडुनिंबाला झोका बांधला. पुढच्या आखाजीलाही बांधला. गल्लीतल्या पोरी झोके घेऊन गेल्या. धुळ्याचं दरवेळी काहीतरी निघायचं, कधी लग्न, कधी पोरीला ताप. शिवी मात्र आबांनी सोडलेलीच ठेवली. नवस चालू आहे तोवर पोर येऊ शकते, असं ते धरून होते. टोळी पुन्हा मूळ पदावर आली, पण मुकादम मुका. नव्या गड्यावर चहा पाजायचा प्रसंगच येईना.

मग आबा पडले. कंबर मोडली आणि अंथरुणाला खिळले. त्याच सुमारास मला एका लग्नाला धुळ्याला जायचं होतं. "बघी ये," एवढंच ते म्हणाले.

मी गेलो. चिमी उंच झाली होती. "नमस्ते काका," म्हणाली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. विहीणबाई कौतुकाने सांगत होत्या, "दोनदा जिभले मिरची लाई. आते एक वाईट शब्द नही." त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुष्कळ घरांत वाटत नाही. निघताना मी चपलेचा पट्टा लावायच्या निमित्ताने चिमीसमोर वाकलो आणि उगाच वाकून राहिलो. माझा कान तिच्या अगदी हाताशी होता. तिने कानाकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या आजीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

परत आलो तसा थेट आबांकडे गेलो. ती आमची शेवटची भेट, पण तेव्हा ते माहीत नव्हतं. मी सांगितलं, उंच झालीय, तब्येत छान आहे, शाळेत जाते. ते ऐकत होते, पण त्यांना हवं होतं ते हे नव्हतं.

"शिवी दिधी का तिनी तुले?"

"दिली की," मी म्हणालो.

"कान धरा का?"

"धरला."

"कोनता?"

मी आधी डाव्या, मग उजव्या कानाला हात लावला. आबांनी जवळ यायची खूण केली. मी वाकलो. त्यांनी चिमटीत माझी पाळी धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "भाडखाऊ."

मी घाबरलो. म्हटलं, "आबा, तुमचा नवस."

त्यांनी माझा कान सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"आते कोनासाठे?"